पडलेला बुश

खरं सांगते, निकिताला काचेच्या खोलीत बसवलं त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायलंय. आन ते काय औषधानं जाणारं दुखणं न्हाई.

निकिता माझी धाकटी जाऊ, बजरंग भाऊजींची बायको. पिंगळीला आमचं घर एकच, चुली दोन. परभणीच्या एमआयडीसीत मी कामाला जाते, तिथं तिला मीच लावलं. "पोरगी आयटीआय झालीय, लय हुशार हाय," असं मालक दत्तराव साहेबांना मी माझ्या तोंडानं सांगितलं. म्हणतात ना, मुंग्यांनी वारूळ करावं आन नागोबानं आयतं येऊन बसावं. तसंच झालं.

आमच्या कारखान्यात बुश होतात. बुश म्हणजे बारकी पोलादी बांगडीच म्हणा, बाहुलीच्या हातात बसंल एवढी. घेणारी कंपनी परदेशातली. काय करत न्हाई ती? विमानं करती, हेलिकॉप्टर करती, मोठ्या लोकांना गवतावर चेंडू मारत हिंडायला गाड्या करती, आन पाण्याचे पंप बी करती. नऊ वर्षं झाली, मी पंपाचे बुश तपासायलेय. औंदा विमानाच्या बुशचं काम आलं. त्याला वेगळी काचेची खोली, एसी, निळा कोट, आन तपासणाऱ्या बाईच्या नावाचा शिक्का. तो शिक्का असल्याबिगर कंपनी माल घेत न्हाई. जागा एकच. तीन महिने निकिताला बसवून बघायचं, मग कंपनीचा साहेब येऊन पक्कं करणार, असं ठरलं.

मला तो शिक्का पायजे होता. नऊ वर्षांत त्या कारखान्यात माझं नाव हजेरीच्या वहीशिवाय कुठं उमटलं न्हाई.

घरी तर इचारूच नका. सासूबाई सरजाबाई गल्लीत सांगत फिरायच्या, "आमची धाकली विमानाचं काम करती." कुणी विचारलं, "आन थोरली?" तर म्हणायच्या, "ती हाय पंपाकडं." असं म्हणायच्या जशी मी पंपापाशी कपडेच धुते.

साहेब येणार होता गुरुवारी. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत निकिता हात धुवायला गेली आन खोलीचं दार उघडं राहिलं. मी आत गेले. तिच्या खुर्चीवर बसले. एसी डोक्यावर गार सुटलेला. ट्रेमधला एक बुश उचलून बघितला, तर तो तेलकट, हातातनं सटकला आन फरशीवर पडला.

आता आमच्यात रीत अशी, कामाची वस्तू पडली की उचलायची, कपाळाला लावायची आन जागेवर ठिवायची. लक्ष्मी हाय ती. पंपाकडं नऊ वर्षं मी तेच केलं. इथं बी हात आपोआप कपाळाकडं गेला, आन बुश परत ट्रेत गेला.

बाहेर येताना दारावरची पाटी दिसली. पडलेला बुश लाल पेटीत टाकावा, तो कसाही दिसो. मला ते ठावं होतं की. आपटला की आत तडा जातो, डोळ्यांना दिसत न्हाई. पंप गळला तर पाणी सांडंल, पर विमानात माणसं बसत्यात. सांगावं असं मनात आलं. मग मागनं दुसरं आलं, उद्या साहेबाला घावला तर घावूंदे. शिक्का तिचा, जिम्मेदारी तिची. आन मी गप जाऊन भाकर खाल्ली.

सुट्टी संपल्यावर थोड्या वेळानं निकिता माझ्या टेबलापाशी आली. "आक्का, तुमचं कुंकू पुसटलंय," म्हणली.

"घाम हाय," मी म्हणलं. ती परत काचेच्या खोलीत गेली.

गुरुवारी साहेब आला. दत्तराव साहेबांनी मला बी आत बोलावलं. साहेबानं रजिस्टर उघडून विचारलं, "काल एक बुश लाल पेटीत गेलाय?"

"हो साहेब," निकिता म्हणली. "माझ्या हातनं पडला."

दत्तराव साहेबांचं तोंड उतरलं. साहेब म्हणाला, "तपासणीच्या आदल्या दिवशी पडतो म्हणजे काय? इथं हात स्थिर लागतो. दुसरं कोणी आहे तुमच्याकडं?"

"मनकर्णाबाई हायत," दत्तराव साहेब म्हणाले. "नऊ वर्षांत एक तक्रार न्हाई."

मनकर्णाबाई म्हणजे मीच. नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. तेवढ्यात साहेबानं लाल पेटीतनं तो बुश काढून टेबलावर ठिवला. त्याच्या कडेला कुंकू लागलेलं होतं. कारखान्यातल्या बाकीच्या बाया टिकल्या लावत्यात. कुंकू लावणारी एकटी मी.

निकिता माझ्याकडं बघत नव्हती. खाली मान घालून उभी होती. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच, देवाशपथ. पर त्या कुंकवावरनं नजर हालंना. रोज त्या खुर्चीवर बसायचं आन रोज ती पेटी बघायची, हे काय मला जमणार नव्हतं.

"साहेब, तो माझ्या हातनं पडला," मी म्हणलं. "कपाळाला लावून परत ट्रेत बी मीच ठिवला."

साहेब हसला न्हाई. बराच वेळ लिहीत बसला. निकिताला पक्कं केलं. आन दत्तराव साहेबांना सांगितलं, या बाईंना या खोलीत पुन्हा घेऊ नका.

सांजच्या गाडीत आमी दोघी शेजारी बसलो. मला राहवंना. "माझं नाव का लिवलं न्हाईस गं?"

"लिवलं असतं तर तुमाला त्या खोलीत कदीच घेतलं नसतं," ती म्हणली. "पुढच्या वर्साला दुसरी जागा निघणार हाय, आक्का. मी महिन्याखालीच दत्तराव साहेबांना तुमचं नाव सांगून ठिवलं होतं."

आता बोला. शिक्का तिचा, आन वर चांगुलपणा बी तिचाच. माझ्यासाठी तिनं कायबी शिल्लक ठिवलं न्हाई. मला एवढा राग आला की पिंगळी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले न्हाई. उतरताना तिनं माझी डब्याची पिशवी उचलली, ती बी मी तिच्या हातातनं हिसकून घेतली.