को गुरुजींची थरथरती सुई

तैवानमधल्या कीलुंग बंदरातल्या आमच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, पाय ठेवायला जागा नव्हती. वास्तू पारखणारे को गुरुजी जिन-येच्या घरात होकायंत्र घेऊन फिरत होते. बैठकीत सुई गुमान होती, पण तिच्या सासूबाईंच्या पलंगापाशी येताच ती गरगर फिरली. जिन्यापर्यंत दाटलेले लोक "अगं बाई!" करून मागे सरले.

"चिनी पंचांगातल्या व्याघ्रवर्षात जन्मलेली ही बाई या घराला मानवत नाही," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "सुनेची झोप उडालीय ती हिच्यामुळे. पौर्णिमेच्या आत वृद्धाश्रमात हलवा!"

जिन-ये कपडे शिवते. तीन महिने तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सगळ्यांवर खेकसायची आणि मग एकटी रडायची. नवरा वन-पिन मान खाली घालून उभा. सासूबाई पिशवीत कपडे भरू लागल्या.

"आई, काय करताय?" जिन-येने विचारलं.

"जाते गं. तुला झोप तरी लागेल."

गुरुजींनी शिलाईच्या टेबलावरचा चहाचा पेला उचलला, तोच डब्यातल्या टाचण्या टुणकन त्यांच्या डाव्या बाहीला चिकटल्या.

मी खालच्या मजल्यावरची, निवृत्त विज्ञान शिक्षिका. म्हटलं, "गुरुजी, बाही दाखवा."

"बाई, हे तुमच्या पुस्तकातलं नाही!"

"पुस्तकातलंच आहे. लोहचुंबक, इयत्ता सहावी."

ते दाराकडे सरकले, पण गर्दी हलेना. जिन-येने कात्री घेऊन बाहीची शिवण उसवली. आतून बटणाएवढा चुंबक निघाला. पलंगाजवळ तो हात हळूच होकायंत्राखाली जायचा, एवढंच दैवी.

"मग माझी झोप?" तिने विचारलं.

मी तिची खोली पाहिली. नवं शिलाई यंत्र ठेवायला तीन महिन्यांपूर्वी कपाट सरकवलेलं, एकुलत्या एक खिडकीसमोर. त्यामुळे पलंगही सरकून उशाची बाजू नेमकी त्या भिंतीला, जिच्यामागे पाण्याचा पंप रात्रभर घरघरायचा. आम्ही चौघांनी कपाट ओढलं, पलंग फिरवला. बंदराचा वारा आत आला. दोन आठवड्यांत ती सलग पाच तास झोपू लागली. सासूबाई घरीच आहेत.

घर मनावर परिणाम करतं, हे खरंच आहे. म्हणून घरात जीव घाबरा झाला तर उजेड, वारा, आवाज तपासा. तरी बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जा. पण घरातलं माणूस बाहेर काढून शांती आणतो म्हणणाऱ्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नका.