चाखेकाकांच्या डोळ्यांवरची पट्टी

बिस्किटांच्या कारखान्यात चाखेकाकांचा शब्द शेवटचा असे. शब्द म्हणजे बोटं, कारण चाखण्याच्या खोलीत बोलायला बंदी होती. चौघे चाखणारे डोळ्यांना पट्टी बांधून ओळीने बसत, बिस्कीट तोंडात टाकत आणि टेबलावर बोटं उभी करत. पाच बोटं म्हणजे झकास, एक म्हणजे घाणा फेकून द्या. रंग पाहून कुणी भुलू नये, एकाचं ऐकून दुसऱ्याने री ओढू नये, म्हणून हा सगळा थाट.

आणि थंडीतल्या त्या मेल्या सर्दीपासून काकांना कशाचीही चव लागत नव्हती. वासही नाही. बिस्कीट काय, पुठ्ठा काय, सारखंच. पण काका वस्ताद. पट्टीच्या खालून, नाकाच्या कडेने थोडीशी फट राहायची. तिच्यातून ते बिस्किटाचा रंग बघत आणि बोटं उभी करत. सोनेरी दिसलं की पाच, पांढुरकं दिसलं की दोन. घरी लेकीलासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. जीभ गेली तर चाखेकाका उरतात कुठे, उरतो तो एक रिकामटेकडा म्हातारा, या भीतीने त्यांची झोप उडाली होती.

लेक इंग्रजी शिकवायची. गावच्या सभागृहात तिचं आंधळेपणाच्या शब्दांवर भाषण होतं आणि त्याची तालीम जेवताना चालायची.

"बाबा, ब्लाइंडफोल्ड म्हणजे तुमची ती डोळ्यांवरची पट्टी. त्यातला फोल्ड म्हणजे घडी नव्हेच मुळी! मूळ शब्दाचा अर्थ तडाखा देऊन आंधळा केलेला. पुढे लोकांना वाटलं, फडक्याची घडी घालून डोळे बांधतात म्हणून फोल्ड. चुकीच्या समजुतीवर शब्द आजवर बिनबोभाट चाललाय."

"चालू दे की," काका घाईघाईने म्हणाले. "कुणाचं काही बिघडतंय का?"

"आणि हूडविंक! आधी त्याचा अर्थ डोक्यावरून टोपडं ओढून डोळे झाकणं, एवढाच. फसवणं हा अर्थ मागाहून चिकटला."

काकांना जोरदार ठसका लागला. लेकीने पाणी पुढे केलं.

भाषण रंगलं. पण पहिल्या रांगेत कारखान्याच्या मालकीणबाई बसल्या होत्या, आणि त्यांना टोपड्याची कल्पना भलतीच आवडली. दुसऱ्या दिवशी चाखण्याच्या खोलीत चार काळी टोपडी हजर! मानेपर्यंत येणारी, तोंडापुरतं भोक ठेवलेली.

"काका, तुमच्या लेकीची कृपा," मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "आता फटीची भानगडच नको."

काकांनी मनातल्या मनात लेकीला आणि समस्त इंग्रजी भाषेला लाखोली वाहिली. टोपडं चढलं. मिट्ट काळोख. बिस्कीट तोंडात आलं. कुरकुरीत होतं, एवढं दातांना कळलं. आता होईल ते होवो म्हणून काकांनी पाच बोटं उभी केली.



"काढा ती टोपडी!" मालकीणबाई कडाडल्या.

काकांनी टोपडं काढलं. ताटलीतली बिस्किटं कोळशासारखी काळी होती. काकांनी शेजारी पाहिलं, तर बाकी तिघांच्या मुठी टेबलावर तशाच मिटलेल्या.

"तुमची बोटं कुठायत?"

तिघांतला मिशीवाला मान खाली घालून म्हणाला, "बाई, आम्ही पट्टीखालून काकांची बोटं बघतो. आज काही दिसेचना."

"म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हा माझा कारखाना?"

तिघांच्या चोरीकडे बोट दाखवून काकांना सुटता आलं असतं. पण काका उठले. "बाई, त्यांचा काय दोष? ते माझ्यावर विसंबले. माझीच जीभ गेलीय. थंडीपासून मी रंग बघून सांगतोय."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग जरा विचारात पडल्या. "थंडीपासून? पण तेव्हापासून एकही तक्रार आली नाही हो." त्यांनी टेबलावर पडलेली काकांची जुनी पट्टी उचलून कचऱ्यात टाकली. "उद्यापासून भट्टीपाशी उभे राहा. डोळे उघडे ठेवून. आणि आधी डॉक्टर गाठा. इथे चाखायला मी बसते, हे तिघं माझ्यासमोर चाखतील!"

घरी येऊन काकांनी लेकीला सगळं सांगितलं. "तुझ्या हातच्या जेवणाला वा वा म्हणत होतो, तेही खोटंच गं."

लेक भाजी वाढत राहिली. "माहीत आहे. थंडीतच एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं माझ्याकडून. तुम्ही फक्कड झालाय म्हणून कप संपवलात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवायला इतकी धडपड करत होतात. डोळेझाक केली."

"आणि तुझा कप?" काकांनी विचारलं.

"त्यातही तेच होतं. ओतून टाकला असता तर तुम्हाला कळलं असतं," लेक म्हणाली. "मीही संपवला."

काकांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी मोठा घास घेतला आणि सवयीने म्हणाले, "वा! भाजी फक्कड!"

"बाबा, मीठ घालायचं राहिलंय."

"रंग बघून म्हणतोय गं!"