दोन जावा, दोन झाडं

एकाच घरातल्या दोन जावा एकाच ऑफिसात कामाला, आणि तिथे मात्र एकमेकींशी चकार शब्द बोलायची बंदी! शेजारणींना याचं फार हसू यायचं. पण कामच तसं होतं. संगणकाला इंग्रजी शिकवायचं, म्हणून इंग्रजी वाक्यांची झाडं काढायची. झाडही उफराटं. वर अख्खं वाक्य, खाली कर्त्याची एक फांदी, क्रियापदाची दुसरी, त्यांच्या पोटफांद्या आणि तळाला एकेक सुटा शब्द. प्रत्येक वाक्य दोघांच्या जोडीकडे जायचं, आणि या दोघींची एक जोडी होती. दोघांनी एकमेकांना न विचारता आपापलं झाड काढायचं आणि ती जुळली तरच वाक्य पक्कं. न जुळणारी झाडं तपासनिसाकडे जात. त्याला सगळे पाठीमागे 'करवत' म्हणत.

तिथल्या निम्म्या लोकांना थोरलीनेच शिकवलं होतं. धाकटीला तर घरी ओट्यावर, सांडलेल्या पिठात बोटाने रेघा ओढून.

"जवळ दिसली म्हणून फांदी पकडू नकोस," ती म्हणायची. "शब्द कुणाचा ते विचार. शेजारी बसला म्हणून कुणी घरचा होत नाही."

आणि आता तीच जवळची फांदी पकडू लागली होती. घरी गॅस तसाच चालू राहायचा, एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारायची. ऑफिसात लांबलचक वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात तिच्या हातून निसटलेली असायची. मग उरलेला शब्द ती दिसेल त्याच्या गळ्यात बांधून मोकळी व्हायची. करवतने एकदा तिच्या चुका तिच्यासमोर मांडल्या. त्या दिवशी ती जेवली नाही.

"डॉक्टरांना दाखवू या का, ताई?" धाकटीने भीतभीत विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

मग करवतने धाकटीलाच गाठलं. "जाऊबाईंचं असंच चाललं, तर त्यांना घरी बसवावं लागेल हो." मोठे दीर गेल्यापासून थोरली त्या खुर्चीच्या जिवावर तर उभी होती. खुर्ची गेली की ती अंथरूण धरणार, याबद्दल धाकटीला तिळमात्र शंका नव्हती.

तेव्हापासून धाकटी मुद्दाम चुकू लागली. चोरून बघायची गरजच नव्हती. कुठल्या वाक्यात थोरलीचा पाय घसरणार, हे तिला वाचतानाच कळायचं. तिथे तीही डोळे मिटून जवळची फांदी पकडायची. झाडं जुळायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोटच्या पोराला कुणी खोटे पाढे शिकवावेत, तशी तिला त्या मुक्या यंत्राची लाज वाटायची. पण संध्याकाळी थोरली खुशीत म्हणायची, "बघ, हल्ली आपलं कसं जुळतं!" की धाकटी पुन्हा निगरगट्ट व्हायची.

एके सकाळी करवतने दोघींना आपल्या टेबलाशी बोलावलं.

"कामात अधूनमधून माझी चाचणीची वाक्यं असतात. उत्तर मला आधीच ठाऊक असतं," तो म्हणाला आणि त्याने दोन झाडं शेजारीशेजारी पडद्यावर आणली.

किल्ल्या हरवलेल्या ड्रायव्हरला फोन करून नर्स निघून गेली, अशा अर्थाचं वाक्य होतं. इंग्रजीत 'गेली' अगदी शेवटी, ड्रायव्हरच्या आणि किल्ल्यांच्या शेजारी, आणि बिचारी नर्स पार दुसऱ्या टोकाला. एका झाडात नर्स गेली होती. दुसऱ्यात ड्रायव्हरच चालता झाला होता.

"बाई, बरोबर झाड तुमचं आहे," करवत थोरलीला म्हणाला. "मी उगाच शंका घेतली." मग तो धाकटीकडे वळला. "तुमचं काम आजपासून थांबवतोय. इतकी ढोबळ चूक!"

आजच थोरलीला सगळं नीट सुचावं? करायला गेले काय आणि वरती झाले पाय. पण तोंड उघडावं तर थोरली उघडी पडणार. धाकटी खाली मान घालून उभी राहिली.

"अगं, हे काय केलंस?" थोरली कडाडली. "एवढं शिकवलं तुला, आणि..."

बोलता बोलता ती पडद्याजवळ वाकली. तिचं बोट चुकलेल्या फांदीवरून सावकाश वर गेलं, पुन्हा खाली आलं आणि तिथेच थांबलं. जवळ दिसली म्हणून पकडलेली फांदी होती ती.

"साहेब, ही चूक हिची नाही," ती शेवटी म्हणाली. "माझी आहे."

"पण तुमचं तर बरोबर आलंय!"

"आज आलंय."

थोरलीने धाकटीकडे तोंड वळवलं. त्या चेहऱ्यावर राग असता तर धाकटीने तो आनंदाने सोसला असता.

"आपलं जुळतंय," थोरली म्हणाली, "म्हणून मला वाटलं गं, मी बरी होतेय."