मी गप्प होतो, तरी कोण रडत होतं?

मित्रांनो, मी एक जुना उभा फ्रीजर आहे. फ्रिज म्हणू नका, डोकं फिरतं माझं. फ्रिजमध्ये भाज्या गार होतात. माझ्यात सगळं दगड होतं.

आधी मी एका दुकानात होतो. तिथे रोज पुसायचे, कौतुक करायचे. मग नवा आला आणि मला या घरात विकलं.

इथे माझ्यात एकच गोष्ट, दूध. ऑपरेशनला जायच्या आधी बाळाच्या आईने स्वतःचं दूध काढून, छोट्या पिशव्यांत भरून माझ्यात रचलं. बाळाला वरचं दूध पचत नव्हतं. जाताना माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, "सांभाळ रे बाबा." घरात राहिले बाळाचे बाबा आणि आत्या.

एकदा घाईत आत्याने दार आपटलं. दाराचं रबर दुमडलं आणि तसंच राहिलं. एवढीशी फट, पण त्यातून दमट हवा आत आली. बर्फ चढत गेला आणि माझ्या आतल्या पंख्याला घासायला लागला. आवाज निघाला तो थेट तान्ह्या बाळाचा.

आत्या पाळण्याकडे पळाली. बाळ गाढ झोपलेलं. रडणं स्वयंपाकघरातून येत होतं.

"दादा, ह्यात कुणीतरी रडतंय रे!"

"तुझं डोकं रडतंय. यंत्र आहे ते, कुरकुरणारच."

मला ओरडून सांगायचं होतं, रबर बघा! पण माझ्याकडे तो एकच आवाज.

आत्याने काय करावं? माझ्यावर जाडजूड पांघरूण टाकलं आणि मला ढकलून भिंतीला चिकटवलं. अरे, माझी उष्णता पाठीच्या जाळीतून बाहेर जाते! तिथे आधीच धुळीचा थर. मी तापत गेलो, रडत गेलो आणि त्यांना सवय झाली. रडू ऐकू आलं की "फ्रीजर आहे," म्हणायचे आणि पुढचं काम.

एका दुपारी पंखा बर्फात रुतला. कॉम्प्रेसर तापून बंद पडला. मी एकदम गप्प.

तरी घरात रडणं चालूच.

"फ्रीजर," दादा जेवता जेवता म्हणाला.

"आज जास्तच किंचाळतोय मेला," आत्या म्हणाली.

मी नव्हतो! मी मुडद्यासारखा उभा होतो. आणि ते रडणं बारीक होत चाललं होतं, त्याच्यावरही कुणी पांघरूण टाकल्यासारखं.

आत्या पिशवी काढायला आली. माझ्या दाराला हात लावला. थरथर नाही. ती तशीच थिजली.

"दादा... हा तर बंद आहे."

दोघं धावले. पाळण्यातली चादर बाळाच्या तोंडाभोवती गुंडाळली गेली होती. ओठ निळे. आत्याने बाळाला उचललं, पाठ चोळली, चोळतच राहिली. मग बाळाने असा टाहो फोडला की भिंती हलल्या.

नंतर दादा सुरी घेऊन माझा बर्फ फोडायला बसला.

"आतली गॅसची नळी फोडशील! ठेव ती सुरी!" आत्या कडाडली.

पिशव्या शेजारणीकडे नेल्या. मला बंद करून दार उघडं ठेवलं, आत गरम पाण्याचं पातेलं. रबर पुसून सरळ केलं, जाळी झाडली, मला भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. वरच्या कप्प्यातलं दूध वितळलं होतं. ते आत्याने ओतून दिलं. उरलेलं मात्र आई घरी येईपर्यंत पुरलं.

मित्रांनो, आमच्यातलं कुणी आवाज करायला लागलं तर त्याचं तोंड दाबू नका. दार उघडा, बघा काय होतंय.

परवा बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं. मीही गप्प. तेवढ्यात आत्या ताडकन उठून पाळण्याकडे धावली आणि रिकाम्या पाळण्यात बघत उभी राहिली.

"रडलं ना कुणीतरी आत्ता?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.