माझ्या पोटातला कापूस

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे आणि सध्या माझं पोट रिकामं आहे. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर ती तक्रार वाटली असती. माझ्यासाठी ती सुखाची गोष्ट आहे. ती कशी, हे सांगायलाच मी आज बोलते आहे.

माझा जन्म कोलकात्यातल्या एका लहान कारखान्यात झाला. माझं अंग व्हायोलिनसारखं, पण चांगलंच मोठं आणि आतून पोकळ. वरची फळी पातळ, तिच्यात दोन लांबट, वळणदार छिद्रं. मान लांब आणि तिच्यावर चारच तारा, पण जाडजूड. जाड तार सावकाश थरथरते, म्हणून माझा आवाज खर्जातला. माझी सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम चाळीसेक वेळा हलते. असा आवाज कानाला थोडा कळतो, बाकीचा छातीला आणि पायांखालच्या फरशीला कळतो. गाणं चालू असताना माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मी थांबले की मात्र काहीतरी निघून गेल्यासारखं सगळ्यांना वाटतं.

गोधडीत गुंडाळून, रेल्वेने मी श्रीरामपूरला आले. तिथल्या एका चर्चच्या गायनसंघाने मला मागवलं होतं. गोधडी सोडली तेव्हा तरुण मंडळी हिरमुसली. त्यांना पुढे उभं राहून वाजवायची सहा तारांची गिटार हवी होती.

"हिला चारच तारा? दोन वाटेत पडल्या का?" योसेफभाऊ म्हणाले. ते तेव्हा पंचविशीत होते, गायनसंघाचे म्होरके, आणि सगळ्यांच्या आधी बोलायची त्यांना सवय होती.

"मग मला द्या," मागच्या रांगेतून सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्या मुलींच्या शाळेत नुकत्याच विज्ञान शिकवायला लागल्या होत्या. "चार तारा, चार बोटं. हिशोब बरोबर आहे."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले. रविवारच्या उपासना, लग्नं, नाताळात घरोघरी गात फिरायच्या फेऱ्या, सगळीकडे आम्ही दोघी मागे उभ्या असायचो. त्यांचा हात जिथे टेकायचा तिथला माझा तपकिरी रंग हळूहळू उडाला आणि खालचं लाकूड दिसू लागलं. पुढे पुढे नगरहून एका बँडची मुलं खास मला बघायला येऊ लागली.

"बाई, आता इतक्या छान नव्या गिटारी मिळतात, तरी लोक अशा जुन्या का शोधत फिरतात?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

बाई कधी घाईने उत्तर देत नसत. "लाकूड वर्षानुवर्षं सुकत जातं. हलकं होतं, मोकळेपणाने हलतं. हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं मला मोजता येत नाही. हिला माझा हात माहीत आहे, एवढंच म्हणेन."

"वाजवून बघू?"

"आधी हात धुऊन ये. वडापाव खाल्लास ना आत्ता."

मित्रांनो, त्या दिवसांत मी फार सुखात होते.

मग बऱ्याच वर्षांनी चर्चमध्ये नवे, मोठे स्पीकर आले. माझं पोट पोकळ, त्यामुळे एक अडचण झाली. स्पीकरचा आवाज माझ्या अंगावर आदळे, माझ्या फळ्या आणि तारा हलवी, ती थरथर वायरीतून पुन्हा स्पीकरमध्ये जाई आणि वाढत वाढत मोठा हंबरडा उठे. कापणीच्या सणाच्या सकाळी हेच झालं. या सणाला लोक आपल्या शेतातलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या दिवशी ज्वारीची कणसं होती, ऊस होता, भोपळे होते आणि एका शेतकऱ्याने आणलेला टोपलीभर कापूसही होता. ऐकू कमी येऊ लागलं म्हणून सत्यशीलाबाई कान दाखवायला नगरला गेल्या होत्या. दुसऱ्याच कुणीतरी मला हातात घेतलं, मी हंबरले आणि समोरची तान्ही मुलं रडायला लागली.

योसेफभाऊंनी टोपलीतला कापूस उचलला. मूठ मूठ करून तो छिद्रांतून आत सारला आणि पट्टीने खोल दाबला. हंबरडा थांबला.

"झालं. आता कशी कोकरासारखी गप," ते म्हणाले. "ताई आल्या की सांगतो त्यांना."

पण तेवढ्यात लिलाव सुरू झाला, एका भोपळ्यावरून दोन घरांची चढाओढ लागली आणि सांगायचं राहून गेलं.

पुढच्या रविवारी बाई कानाला यंत्र लावून आल्या. त्यांनी मला पोटाशी धरलं, तार छेडली आणि थांबल्या. पुन्हा छेडली. माझी थरथर त्या कापसातच मुरून जात होती.

"डॉक्टर म्हणाले होते, ऐकू कमी कमी येत जाईल," त्या योसेफभाऊंना म्हणाल्या. "पण अंगालाही कळेनासं होईल, असं नव्हते म्हणाले."

"वय झालं आपलं, ताई. मी तरी कुठं पहिल्यासारखा जिना चढतो."

मला सगळं ठाऊक होतं. पण मला बोलायला आवाजच लागतो, आणि तोच दाबलेला होता.

काही वर्षं अशीच गेली. बाई आता योसेफभाऊंच्या पायाचा ठेका बघून वाजवत आणि गाणं संपलं की कपाळावरचा घाम पुसत. या नाताळाच्या आधी त्या शांतपणे म्हणाल्या, "यंदा मी वाजवणार नाही. चारचौघांत चुकण्याआधी थांबलेलं बरं."

माझं काय करायचं, हा प्रश्न लवकर सुटला. नेवासा रस्त्यावर मच्छिंद्र यांचं हॉटेल आहे. तिथे त्यांनी बैलगाडीचं चाक टांगलं आहे, जुना रेडिओ ठेवला आहे. माझा त्यांना दिवा करायचा होता. बाईंनीही होकार दिला. "कोपऱ्यात धूळ खाण्यापेक्षा उजेड तरी देईल," त्या म्हणाल्या, पण बोलताना त्यांचा हात माझ्या मानेवरच होता.

टेम्पो घेऊन मच्छिंद्र चर्चमध्ये आले. सोबत दिव्यांची माळ आणली होती.

"ही माळ पोटात सोडतो. ह्या भोकांतनं लई भारी उजेड पडंल," असं म्हणत त्यांनी माळ आत ढकलली. ती जाईना. त्यांनी बोट घातलं, चाचपलं आणि एक पांढरा पुंजका बाहेर ओढला. "भाऊ, हिच्या पोटात उशी हाय का काय?"

योसेफभाऊ हसायला गेले आणि मध्येच थांबले.

"कापणीचा सण," ते पुटपुटले. "ताई, हा कापूस मी भरला होता. फार हंबरत होती म्हणून."

"काय म्हणालात?" बाईंना नीट ऐकू गेलं नव्हतं.

मच्छिंद्रांनी पुंजका त्यांच्यासमोर धरला आणि मोठ्याने सांगितलं, "कापूस, बाई. तुमच्या गिटारीत ह्यांनी कापूस भरलाय."

बाईंनी कापसाकडे पाहिलं, मग योसेफभाऊंकडे. "कधी?"

"तुम्ही कान दाखवायला गेल्तात, त्या रविवारी."

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, मला मांडीवर घेतलं आणि एकेक पुंजका ओढून काढायला सुरुवात केली. शेवटी मला उलटी करून हलवलं, तेव्हा एक चुकार सरकी टपकन फरशीवर पडली. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून बाजूला ठेवलं, हनुवटी माझ्या कडेवर टेकवली आणि सर्वांत जाड तार छेडली.

माझी फळी हलली. पोटातली हवा हलली. किती वर्षांनी माझा आवाज मलाच भेटला.

"येतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी छातीच्या मधोमध हात ठेवला. "इथे. सगळं येतंय." पुन्हा एकदा तार छेडून त्या म्हणाल्या, "योसेफभाऊ, मला वाटलं होतं, मीच संपत आले."

"रागवा ना, ताई."

"रागवते. आधी वाजवू द्या."

मच्छिंद्र माळ हातात घेऊन उभेच होते. "म्हंजी आमचा दिवा गेला म्हना की."

"भोपळा देतो एक, त्यात लाव," योसेफभाऊ म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या भोपळा. हा कापूस द्या. आईला वातींना होईल." त्यांनी सगळे पुंजके पिशवीत भरले. "दिव्याला आलो हुतो, वाती घेऊन चाललो."

हंबरड्याचा उपायही अगदी साधा निघाला. बाई आता स्पीकरच्या मागच्या बाजूला उभ्या राहतात. त्याचा आवाज थेट माझ्या अंगावर येत नाही आणि मी हंबरत नाही. या नाताळात आम्ही दोघींनी सगळी गाणी वाजवली. बाईंनी योसेफभाऊंच्या पायाकडे पाहिलं नाही. त्या डोळे मिटून होत्या.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू गप्प झाली, तर तिला टाकून देण्याआधी तिच्या आत एकदा डोकावून बघा. आपणच घाईत काहीतरी कोंबलेलं असेल. माणसांनाही 'वय झालं' म्हणण्याआधी थोडं थांबा.

आणि एक विनंती. बाईंची हनुवटी जिथे टेकते, तिथला माझा रंग आता जाऊ लागला आहे. तिथे पुन्हा रंग लावू नका.