बाटलीत वाढलेली केळ

मित्रांनो, मी एक केळ आहे. पण माझा जन्म मातीत झाला नाही, बाटलीत झाला.

माझी आई इंदिरानगरात सत्यवतीअक्कांच्या परसात उभी होती. ते घर पाडून तिथे इमारत बांधायचे ठरले, तेव्हा अक्कांची धाकटी बहीण अनुषा आली. ती हेब्बाळच्या एका प्रयोगशाळेत रोपे वाढवते. आईच्या फुटव्याच्या गाभ्यातला नखाएवढा कोंब कापून तिने तो बाटलीत, जेलीसारख्या थलथलीत अन्नावर ठेवला. पुढे आई तोडली गेली. त्या कोंबातून आम्ही दोघी बहिणी वाढलो.

बाटलीत वारा नव्हता, धूळ नव्हती. हवा सदा दमट. काचेवर थेंब साचत आणि त्यांच्यापलीकडे खोली पुसट दिसे. पाने लांबली तशी काचेला अडून वाकडी झाली. वर झाकण, चहूकडे काच. रस्त्यावरून बस गेली की बाटली थरथरे. बाहेरचे जग मला तेवढेच कळे. इथेच आपण कुजणार, असे मला वाटू लागले.

एका सकाळी अक्का आम्हांला बघायला आल्या. त्यांनी बाटली डोळ्यांशी धरली.

"अगं अनुषा, किती कोंडल्यात गं ह्या! काढ की बाहेर. स्वल्प ऊन लागू दे."

"अक्का, त्यांना अजून बाहेरची हवा सोसायची नाही."

"झाडाला हवा सोसत नाही? काहीतरीच तुझं!" अक्कांनी बाटली छातीशी धरली. "परसातलं एवढंच उरलंय माझं."

अनुषाला नाही म्हणवेना. "सरी, बरं. पण थोडाच वेळ हं."

तिने आमची मुळे धुऊन आम्हांला कुंड्यांत लावले, खिडकीत ठेवले. वारा पहिल्यांदा अंगाला लागला. मी हरखून गेले. एवढ्यात अनुषाला कुणीतरी कामासाठी बोलावले आणि ती तिकडेच अडकली.

दुपारपर्यंत माझी पाने ओल्या फडक्यासारखी लोंबू लागली. कुंडीत पाणी होते, तरी अंगातले पाणी उडून चालले होते. मित्रांनो, पानावर मेणाचा पातळ थर असतो. तो आतले पाणी धरून ठेवतो. पानाला श्वासासाठी बारीक छिद्रेही असतात. पाणी कमी पडले की ती मिटतात. बाटलीच्या दमट हवेत आमच्या अंगावर मेण नीट धरलेच नव्हते आणि छिद्रांना मिटायची सवय नव्हती. आम्ही उघड्या अंगाने उन्हात उभ्या होतो.

अक्कांची हाक ऐकून अनुषा धावत आली तेव्हा बहीण आडवी झाली होती. ती पुन्हा उठली नाही.

"मीच हट्ट केला गं," अक्का रडू लागल्या.

"मी तरी कशाला ऐकलं?" म्हणत अनुषाने माझ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली.

मी पुन्हा कोंडले गेले. हे कोंडणे जास्त जाचले, कारण आता मला वारा ठाऊक होता. अनुषा रोज पिशवीचे तोंड थोडे अधिक उघडत असे. आत येणारी कोरडी हवा चावे, पण सोसवे. जुनी पाने वाळून गेली. मग मधून एक घट्ट गुंडाळलेले पान वर आले आणि हळूहळू उलगडले. त्यावर पाण्याचा थेंब टिकेना, घरंगळून जाई. पाठीवर पांढरी पूड होती. ते माझे मेण होते! त्यानंतर पिशवी निघाली.

आता मी अक्कांच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, मोठ्या कुंडीत राहते. परवा अक्का ओले फडके घेऊन आल्या. "किती धूळ बसलीय!"

"अक्का, पुसू नको! मेण आहे ते," मागून अनुषा म्हणाली.

अक्कांचा हात तिथेच थांबला. फडके बाजूला ठेवून त्या वाकल्या आणि पानाच्या पाठीवरची पांढरी पूड हात न लावता न्याहाळू लागल्या.

मित्रांनो, चमक यावी म्हणून आमची पाने घासू नका, त्यांना तेल चोपडू नका. आणि फार दिवस कोंडलेल्या कुणाला बाहेर काढाल, तेव्हा दार एकदम सताड उघडू नका. रोज थोडे उघडा, आणि त्याच्याजवळ थांबा.