काळ्या पडद्यावरचा ठिपका

शारदक्काचं पत्र उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सुमारास आलं होतं आणि दसरा तोंडावर आला तरी रुद्रमूर्तीनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. तसा तो उत्तरं न देणारा माणूस नव्हता. अक्काला लहानपणी टायफॉइडनंतर ऐकू येईनासं झालं, त्यामुळे तिच्याशी फोनवर बोलायची सोय नव्हती, आणि मोबाइलवरच्या अक्षरांना ती पत्र मानत नसे. म्हणून तिचं तिपटूर आणि त्याचं बंगळूर यांच्यामध्ये भावाबहिणीची पत्रं वर्षानुवर्षं ये-जा करत होती. त्यांत नारळाचा भाव असे, गुडघे असत, कुणाचं लग्न ठरलं आणि कुणाचं मोडलं ते असे. या पत्रात तसलं काही नव्हतं. डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी अक्काला काचबिंदू सांगितला होता. आपल्या वडिलांना झाला तो मोतीबिंदू नव्हता, हाच होता, असं तिनं लिहिलं होतं. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. सगळ्या भावंडांनी तपासून घ्यायला सांगितलंय. तू जाऊन ये आणि कळव.

गेल्याशिवाय कळवता येत नव्हतं, आणि जाणं होत नव्हतं. आधी मार्चअखेरीचं काम होतं, मग उन्हाळा, मग बायकोचं आजारपण. बायको बरी झाली. मग काहीच नव्हतं, तरी तो गेला नाही. अक्काशी खोटं बोलता आलं असतं कदाचित, पण तिला खोटं लिहिता येईल असं त्याला वाटत नव्हतं.

वडील शेवटी शेवटी कॉफी ओतताना पेल्यात बोट घालून बसत. बोटाला चटका बसला की पेला भरला. त्याआधी कितीतरी वर्षं ते घरात सगळ्यांना सांगत होते की दिव्याची काच काळी झालीय, कुणीतरी पुसा.

रुद्रमूर्ती इस्पितळांची बिलं तपासायचा. विमा कंपन्यांसाठी हे काम करणाऱ्या एका लहानशा ऑफिसात तो होता, आणि साथीच्या काळात सगळ्यांना घरी बसवलं ते पुन्हा कुणी बोलावलंच नाही. राजाजीनगरच्या घरात, आतल्या खोलीत, देवघराला पाठ करून तो दिवसभर कॉम्प्युटरवर आकडे बघे. कामात तो चोख होता. पण पावसाळ्यात त्याच्या हातून चुका व्हायला लागल्या, आणि सगळ्या एकाच जातीच्या. पानावर डावीकडे वरच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि वय असतं, तेच त्याच्या नजरेतून सुटे. एका बाईचं मंजूर व्हायचं बिल त्यानं दुसऱ्याच कुणाचं समजून परत पाठवलं. त्या बाईला इस्पितळातून सुटायला दोन दिवस जास्त लागले. त्याच्यावरच्या प्रतिभा मॅडम वयानं त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. त्यांनी फार आदरानं सांगितलं की सार, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. त्यानं सांगितलं, पडदा जुना झालाय मॅडम, कोपऱ्यात काळपट दिसतो. बदलतो.

बोलून झाल्यावर आपण कुणाचं वाक्य बोललो हे त्याला कळलं, आणि तो उठून उगीच पाणी प्यायला गेला.

मुलगी सिंचना हैदराबादला नोकरीला होती. रविवारी संध्याकाळी बापलेक आपापल्या घरी बसून एकाच खेळात गाड्या पळवत. तेवढाच तिच्याशी तासभर संबंध, म्हणून तो शिकला होता. हल्ली त्याची गाडी सारखी डावीकडच्या कठड्यावर आदळे. सिंचना कानात हसे. अप्पा, डोळे मिटून चालवतोस का, म्हणे. दसऱ्याला ती घरी आली तेव्हा तिनं ठरवूनच टाकलं होतं. मोठा पडदा घ्यायचा, कामाला रुंद आणि खेळाला वेगवान, आणि तो एस. पी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारातून डोळ्यांनी बघून घ्यायचा, घरपोच मागवायचा नाही.

स्कूटरवर तो पुढे, ती मागे. मागडी रोडच्या वळणावर एक ढकलगाडी डावीकडून आली. म्हणजे ती येतच असणार, एकदम कुठून उगवली नसणार. पण रुद्रमूर्तीच्या लेखी तिथं मोकळा रस्ता होता, आणि पुढच्या क्षणी केळ्यांचे घड होते. सिंचनानं मागून त्याचा खांदा इतका जोरात ओढला की स्कूटर उजवीकडे गेली आणि एका रिक्षाच्या आरशाला घासून थांबली. केळीवाला शिव्या देत राहिला. रुद्रमूर्ती म्हणाला, हे लोक बघत नाहीत. उरलेल्या वाटेत सिंचनाचा हात त्याच्या खांद्यावरून निघाला नाही.

मुनिराजूचं दुकान जिन्याखाली होतं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढी जागा. सिंचनानं त्याला गरज सांगितली.

"अप्पा दिवसभर आकडे बघतो आणि रविवारी तासभर गाडी ठोकतो. दोन्हीला चालेल असा दाखवा."

मुनिराजू हसला नाही. गिऱ्हाइकाच्या विनोदाला तो हसत नसे. त्यानं एक बाकदार पडदा दाखवला. आत वळलेला, समोर बसलेल्याला कवेत घेईल असा. मग एक नुसताच सपाट, लांबलचक. खेळाला पहिला बरा आणि बिलांना दुसरा, पण आकडे वाचायचे तर अक्षर स्वच्छ पाहिजे, असं म्हणत त्यानं तिसरा काढला. सत्तावीस इंची, दोन्हीला पुरेल असा. सिंचनानं वेग विचारला, चकाकी विचारली, मान खालीवर होते का बघितलं. रुद्रमूर्ती दुरून बघत उभा होता. मोठा आहे, त्याला वाटलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर काही सुटणार नाही.

इथली एक रीत आहे. पेटी फोडून पडदा लावला की दुकानदार त्यावर एकामागून एक रंग भरून दाखवतो. पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि शेवटी काळा. कुठे एखादा ठिपका मेलेला किंवा पेटून अडकलेला असेल तर गिऱ्हाइकानं तिथल्या तिथं बोट ठेवायचं. एकदा तोंडानं 'पास' म्हटलं की विषय संपला, कारण एका ठिपक्यासाठी कंपनी पडदा बदलून देत नाही. आणि मुनिराजूचा नियम असा की ज्याच्या नावानं बिल फाडायचं, 'पास' त्यानंच म्हणायचं. बरोबर आलेल्यांच्या डोळ्यांवर त्यानं पूर्वी विश्वास ठेवला होता आणि भांडणं ओढवून घेतली होती.

त्यानं दुकानातला दिवा मालवला. रंग आले आणि गेले. रुद्रमूर्ती दोन्ही हात मागे बांधून बघत होता. शेवटी पडदा काळा झाला. नीट बघून रुद्रमूर्ती म्हणाला, "पास."

मुनिराजूचा हात बिलाच्या पुस्तकाकडे गेला नाही.

"अप्पा," सिंचना म्हणाली, "परत बघ."

"बघितलं की."

"परत बघ."

त्यानं बघितलं. काळा म्हणजे काळाच होता. मग मुनिराजू, आपल्याच मालाची खोड दाखवायची पाळी आल्यासारखा, नाखुशीनं म्हणाला, "सार, मी खराब माल खपवत नाही. वर बघा, डाव्या हाताला."

रुद्रमूर्तीनं मान वळवली, आणि तिथं ठिपका होता. हिरवा, सुईच्या टोकाएवढा, अंधारात एखाद्या किड्याच्या डोळ्यासारखा पेटलेला. त्यानं नजर मधोमध आणली आणि ठिपका विझला. पुन्हा वर नेली. पेटला. मधोमध आणली. विझला. कुणीतरी बटण दाबत असावं इतकं ते ठरल्याप्रमाणे होत होतं. त्याच्या मागे उभी असलेली सिंचना त्याची मान अशी जाताना आणि येताना बघत होती, हे त्याला न बघता कळत होतं.

मुनिराजूनं माफी मागितली आणि त्याच जातीची दुसरी पेटी फोडली. पुन्हा रंग आले. पुन्हा काळा. दुकानाबाहेर कुणीतरी हातगाडी बाजूला घ्यायला ओरडत होतं. मुनिराजू थांबला होता.

"बोला सार. पास?"

रुद्रमूर्तीनं उगीच चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"मला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ठिपका नाहीच, की मला दिसत नाही, ते मला सांगता येणार नाही."

मुनिराजूनं दिवा लावला. पडद्याची तार काढून ठेवली आणि पलीकडच्या दर्शिनीतून, उभ्यानं खायच्या हॉटेलातून, कॉफी सांगितली, दोनात तीन, म्हणजे दोन कप तिघांत. पैसे त्यानं देऊ दिले नाहीत. पडदा कुठे जात नाही सार, एवढंच म्हणाला.

बाहेर आल्यावर रुद्रमूर्तीनं किल्ली सिंचनाच्या हातात दिली, आणि अक्काच्या पत्राचं सांगितलं. सगळं सांगितलं, वडिलांच्या दिव्याच्या काचेसकट. ती ऐकत राहिली. तिला कुणी रागावलेलं बघितलं नव्हतं. आईसारखी ती आतल्या आत रागावे.

"उगादीला आलं होतं," ती म्हणाली. "आणि आज सकाळी मी तुझ्या मागे बसले होते."

स्कूटरवर मागे बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून तो घरी आला.

डोळ्यांच्या इस्पितळात त्याला एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या बिंदूवरून नजर हलवायची नाही, आणि बाजूला कुठेही उजेडाचा ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. मग काही वेळ काहीच आलं नाही. पण यंत्र आतून हलकंसं खटखटत होतं, आणि प्रत्येक खटक्याला कुठेतरी एक ठिपका लागून विझतोय हे त्याला समजलं. खट. तो वाट बघत होता. खट. समोर दुधासारखी पांढरी भिंत होती आणि ती भिंत त्याच्यावाचून चालू होती. एकदा त्यानं अंदाजानं बटण दाबलं. परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटून त्याला स्वतःची शरम वाटली, आणि पुन्हा दाबलं नाही.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कागद उलटा करून दाखवला. दोन्ही डोळ्यांच्या नकाशात वर डावीकडे काळं होतं, डाव्या डोळ्यात अधिक. त्या म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. थेंब रोज रात्री, जन्मभर, एक दिवसही चुकवायचे नाहीत. स्कूटर नाही. राखता येईल का, असं त्यानं विचारलं, तर प्रयत्न करू म्हणाल्या. सहा महिने आधी आला असता तर काय, हे त्यानं विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यानं पडद्याचं विचारलं. मोठा घेतला तर सोपं जाईल ना?

"उलट," त्या म्हणाल्या. "जेवढा मोठा घ्याल तेवढा तुमच्या नजरेबाहेर जाईल. लहान घ्या. समोर, मधोमध ठेवा."

मुनिराजूकडे लहान पडदा नव्हताच जवळजवळ. माळ्यावर चढून त्यानं एक धुळकट पेटी काढली. हे तिकीटखिडकीला लावतात सार, म्हणाला, यावर गाड्या फार पळायच्या नाहीत. सिंचना म्हणाली, आमच्या तशाही पळत नव्हत्या. यावर मात्र मुनिराजू हसला. मग दिवा मालवून त्यानं काळा रंग भरला आणि बाजूला झाला.

रुद्रमूर्ती खुर्ची ओढून समोर बसला. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून त्यानं सुरुवात केली. नजर नाही, सगळं डोकंच हलवत, बिलाची एकेक ओळ तपासावी तसा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाई, आणि मग जराशी खालची पट्टी. रस्त्यावर दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली. एकानं, किती वेळ लागेल, असं विचारलं. मुनिराजूनं त्याला हातानंच गप्प केलं. रुद्रमूर्तीची मान अगदी खालच्या उजव्या कोपऱ्याशी येऊन थांबली.

"पास," रुद्रमूर्ती म्हणाला.

सिंचना हैदराबादला गेली. प्रतिभा मॅडमना त्यानं फोन करून खरं ते सांगितलं. वर विचारून सांगते सार, असं त्या म्हणाल्या. अजून काही सांगितलेलं नाही. तो रोज नऊला लहान पडद्यासमोर बसतो आणि प्रत्येक पानाचं नाव आणि वय मान वळवून, पुटपुटत वाचतो. पूर्वीच्या निम्मंही काम होत नाही.

एका दुपारी त्यानं लिहायला कागद घेतला. लेखणी टेकवली, नेहमीसारखी वर, डावीकडे, आणि थांबला. अक्काचं काय गेलंय, कुठल्या बाजूचं गेलंय, हे तिनं लिहिलं नव्हतं, आणि त्यालाही ते विचारायचं सुचलं नव्हतं. इतक्या महिन्यांत आणखी किती गेलं असेल. मग त्यानं लेखणी उचलून कागदाच्या बरोबर मध्यावर ठेवली, आणि बालवर्गातल्यासारख्या मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं:

"अक्का, मी जाऊन आलो. मलाही आहे. थेंब सुरू केलेत. तुझ्या डोळ्यांत थेंब कोण घालतं?"

चारही बाजूंनी कागद कोरा राहिला. नीट घडी घालून त्यानं तो पाकिटात भरला, चपला घातल्या, आणि भिंतीच्या कडेकडेनं चालत जाऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकला.